मानसिक आजार आणि झोप: मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मानसोपचाराच्या ओपीडीत नातेवाईक समोर बसले की पहिलं वाक्य बहुतेक वेळा झोपेचंच असतं. "बाकी काही नाही, झोपेचं तेवढं बघा." आजाराचा विषय त्यानंतर निघतो, कधी कधी दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत. खालचे प्रश्न मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून रुग्ण आणि घरचे लोक पुन्हा पुन्हा विचारतात ते आहेत. औषधांची नावं समजण्यापुरती दिली आहेत. कोणतं औषध, किती आणि कधी, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

१. झोप लागत नाही म्हणजे मानसिक आजारच झाला का?

नाही. लग्नकार्य, परीक्षा, पाऊस लांबला, घरात कुणी दवाखान्यात आहे, अशा वेळी चार-आठ रात्री झोप उडणं साहजिक आहे. झोपायला वेळ आणि जागा असूनही आठवड्यातून ३ किंवा जास्त रात्री झोप लागत नसेल किंवा टिकत नसेल, हे ३ महिने चाललं असेल आणि दिवसाच्या कामावर त्याचा परिणाम होत असेल, तर डॉक्टर त्याला दीर्घकालीन निद्रानाश म्हणतात. त्यामागे थायरॉईड, दमा, सांधेदुखी किंवा साखर वाढल्यामुळे रात्री चार वेळा लघवीला उठणं, असंही काही असू शकतं.

मात्र घरात आधीपासून मानसिक आजाराचा रुग्ण असेल तर हा ३ महिन्यांचा हिशोब लावू नका. तिथे ३ रात्रीसुद्धा पुष्कळ असतात. कारण प्रश्न ४ मध्ये आहे.

२. माणसाला किती तास झोप लागते?

प्रौढ माणसाला साधारण ७ ते ९ तास. म्हातारपणी झोप हलकी होते आणि तुटक लागते. आकड्यापेक्षा बदल महत्त्वाचा: जो आयुष्यभर सहा तास झोपून ठणठणीत आहे त्याची चिंता नको, आठ तासांचा माणूस अचानक चारवर आला तर विचारा.

३. झोप बिघडली म्हणून आजार होतो, की आजारामुळे झोप बिघडते?

दोन्ही. पूर्वी झोपेची तक्रार म्हणजे नैराश्याचं एक लक्षण, नैराश्य गेलं की ती जाईल, असं समजत. आता तसं समजत नाहीत. दीर्घकाळ निद्रानाश असलेल्यांना पुढे नैराश्य येण्याचा धोका जास्त असतो. नैराश्य बरं होऊनही झोप तशीच राहिली, तर ते उलटण्याची शक्यता वाढते. म्हणून "मन बरं आहे, फक्त झोप नाही" हे वाक्य डॉक्टरांसमोर गिळू नका. उपचार अजून पुरा झालेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

४. कोणत्या आजारात झोप कशी बिघडते?

किती गेली याआधी कशी गेली ते बघा. निम्मं निदान तिथेच असतं.

नैराश्यात पुष्कळांना रात्री डोळा लागतो, पण पहाटे तीनलाच जाग येते. मग उजाडेपर्यंत मनात नको ते विचार. सकाळ सगळ्यात जड जाते, दिवस कलला की जरा बरं वाटतं. काहींचं, विशेषतः तरुण मुलामुलींचं, उलटं असतं: दहा-बारा तास झोपूनही अंग उचलत नाही. घरच्यांना तो आळस वाटतो आणि बोलणी बसतात.

चिंतेच्या आजारात झोप लागायलाच उशीर होतो. अंग टेकलं की डोकं सुरू. मंत्रचळात, म्हणजे ओसीडीत, हात धुणं आणि कडी-कुलूप पुन्हा पुन्हा बघणं लांबत जातं आणि झोपेची वेळच मध्यरात्रीपलीकडे सरकते.

स्किझोफ्रेनियात दिवस आणि रात्र अदलाबदल होतात. रात्रभर अंगणात येरझाऱ्या, दिवसा डोक्यावर पांघरूण. गोळ्या चालू असलेल्या माणसाची झोप सलग काही रात्री कमी होत गेली, तर आजार उलटण्याची ती पहिली खूण असू शकते. आवाज ऐकू येणं, संशय घेणं हे त्यानंतर येतं. त्या मधल्या दिवसांत दवाखाना गाठला तर बऱ्याचदा भरती टळते.

उन्मादाबद्दल प्रश्न ५, दारूबद्दल ९ आणि आघाताबद्दल १३ पाहा.

५. आमचा दादा तीन तास झोपतो तरी दमत नाही, उलट दुप्पट काम करतो. यात वाईट काय?

निद्रानाश झालेला माणूस झोप मागतो आणि ती मिळत नाही म्हणून कुरकुरतो. उन्मादात, म्हणजे मेनियात, माणसाला झोपेची गरजच वाटत नाही. हा फरक नीट लक्षात ठेवा.

घरात ते असं दिसतं. पहाटे दोनला उठून ट्रॅक्टरचं काम काढलं, चारला भावकीतल्या लोकांना फोन लावले, सकाळी बाजारात उधारीवर म्हशी घेतल्या, दुपारी नव्या धंद्याचा बोर्ड रंगवायला टाकला. बोलणं थांबत नाही, अडवलं की अंगावर येतो. पहिले काही दिवस घरचे खूश असतात, कारण त्याआधीचे महिने तो अंथरुणातून उठला नव्हता. कर्जाचे कागद आणि भांडणं नंतर समोर येतात.

बायपोलर आजाराचं, म्हणजे कधी उन्माद तर कधी नैराश्य येणाऱ्या आजाराचं, निदान आधीच झालेलं असेल तर दोन रात्री अशा गेल्या की डॉक्टरांना फोन करा, पुढच्या तारखेची वाट पाहू नका. नैराश्यासाठी गोळी सुरू केल्यावर हे घडलं असेल तर तेही सांगा, कारण त्या गोळीने उन्माद चाळवला जाऊ शकतो.

६. बायपोलरच्या रुग्णाने सप्ताहात रात्रीचा पहारा द्यावा का? जागरण-गोंधळाला बसावं का?

सप्ताहाला जरूर जावं. रात्रीचा पहारा मात्र घेऊ नये. बायपोलर आजारात झोप कमी होणं हे लक्षण आहेच, पण झोप मोडणं हे स्वतःच उन्मादाला निमित्त होऊ शकतं. एका रात्रीच्या जागरणानेही काहींचं गणित बिघडतं. दिवसाचा पहारा मागून घ्या, काकड्याऐवजी हरिपाठाला बसा, काल्याच्या कीर्तनाला या. घरातल्या लग्नात हळदीची रात्र जागू नका. नवरात्रात तुळजापूरला रात्रभर चालत जाणाऱ्यांनी चालायचं दिवसा ठेवावं आणि रात्री मुक्काम करावा. गोळीची वेळ प्रवासातही तीच. भक्तीत कमी पडलो असं रुग्णाला वाटू देऊ नका. हे घरातल्या वडीलधाऱ्याने सांगितलं तर जास्त पटतं.

७. मेडिकलवर झोपेची गोळी मिळते. महिनाभर घेतली तर काय बिघडतं?

बहुतेक वेळा ती गोळी अल्प्राझोलामची असते. पहिले काही दिवस झोप छान लागते, म्हणूनच ती अंगाला चिकटते. काही आठवड्यांत शरीराला सवय होते, अर्धीची एक आणि एकीची दोन होते. मग एखाद्या दिवशी पाकीट संपलं की आधीपेक्षा वाईट रात्र येते, हात थरथरतात, जीव घाबरतो. माणसाला वाटतं, "बघा, मला गोळीची गरजच आहे." खरं तर ती गोळी सुटल्याची लक्षणं असतात.

अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम ही औषधं एच-१ या अनुसूचीत आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत आणि दुकानदाराला त्यांची वेगळी नोंदवही ठेवावी लागते.

दुसरा धोका असा की या गोळीने झोप येते, आजार जात नाही. नैराश्य, उन्माद किंवा संशयाचा आजार आतल्या आत वाढत राहतो.

आणि महिनोन्‌महिने घेत असाल तर आज एकदम बंद करू नका. त्याने फिट येऊ शकते. डॉक्टर काही आठवडे किंवा महिने लावून डोस टप्प्याटप्प्याने उतरवतात. मानसोपचारतज्ज्ञांनी स्वतः थोड्या दिवसांसाठी ही गोळी लिहून दिली असेल तर घाबरू नका, फक्त "कधी बंद करायची?" हे पहिल्याच दिवशी विचारा.

८. मग गोळीशिवाय काय करायचं?

दीर्घकालीन निद्रानाशावर जगभर आधी सुचवला जाणारा उपचार म्हणजे त्यासाठीची खास कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलायचा गोळीविना उपचार. साधारण सहा ते आठ भेटी लागतात. नैराश्य आणि चिंता असलेल्यांनाही तिचा उपयोग होतो. थेरपिस्ट जवळ नसेल तरी तिचा गाभा घरी सुरू करता येतो.

उठण्याची वेळ एकच ठेवा, रात्र कशीही गेली तरी. झोपायला जाण्याच्या वेळेपेक्षा ही वेळ पाळणं जास्त महत्त्वाचं आणि लोक नेमकी हीच मोडतात. डोळे जड झाल्याशिवाय अंथरुणावर जाऊ नका. वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर उठून दुसरीकडे बसा, पुन्हा झोप दाटली की या. घर एकाच खोलीचं असेल तर ओसरीवर किंवा दारात बसा, आणि दिवसा अंथरूण गुंडाळून ठेवा. आपल्याकडे दुपारी जेवून त्याच गादीवर पडून मोबाईल बघायची सवय लागली आहे. मग गादी म्हणजे झोप, ही मनातली जोडणीच तुटते. दुपारची झोप अर्ध्या तासात आटपा. चहातलं कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणून शेवटचा चहा दुपारी. मशेरी आणि तंबाखूतलं निकोटिनही जागवतं, ते झोपण्याआधी नको. घड्याळ पालथं घाला.

या थेरपीतला एक भाग म्हणजे अंथरुणात पडून राहायचे तास मुद्दाम कमी करणं. तो बायपोलर आजार किंवा फिट्स असलेल्यांनी स्वतःच्या मनाने अजिबात करू नये. बायपोलरबाबतचं कारण प्रश्न ५ आणि ६ मध्ये आहे.

९. दारू घेतली की झोप लागते, मग थोडी घेतली तर?

झोप लवकर लागते, हे खरं. पण दारूचा अंमल उतरायला लागला की मध्यरात्रीनंतर झोप तुटत जाते. घाम, लघवी, धडधड, वाईट स्वप्नं. मानसिक आजाराच्या गोळ्यांबरोबर दारू म्हणजे गुंगीवर गुंगी, आणि झोपेच्या गोळीबरोबर तर श्वास मंदावण्याचा धोका.

रोज पिणाऱ्याने दारू अचानक सोडली तर काही रात्री झोप येतच नाही. दोन-तीन दिवसांत तो बरळू लागला, नसलेल्या माणसांशी बोलू लागला, ताप आणि थरकाप दिसला, तर हा जिवाचा प्रसंग आहे. देवऋषाकडे न्यायला निघालेले लोक मी पाहिले आहेत. तिथे एक तासही घालवू नका, १०८ ला फोन करून रुग्णालयात न्या.

१०. शेताला रात्रीची लाईट असते. पाणी द्यायला जावंच लागतं. मग झोपेचं वेळापत्रक कसं पाळायचं?

उठायची वेळ एकच ठेवा, हे सांगणं सोपं आहे. कृषिपंपाला वीज रात्री दहानंतर येणार असेल तर शेतकऱ्याने काय करावं, हा खरा प्रश्न आहे आणि त्याला पूर्ण समाधानकारक उत्तर नाही. जे जमू शकतं ते असं: रात्रपाळीचा आठवडा असेल तर संध्याकाळी जेवून दीड-दोन तास झोप काढून मग रानात जा. परत आल्यावर खोली अंधारी करून सलग झोपा, तुकड्या-तुकड्यांत नको. शक्य तिथे ठिबक लावा, म्हणजे बारे मोडत चिखलात उभं राहावं लागत नाही. आणि बायपोलर किंवा स्किझोफ्रेनियाचा रुग्ण असेल तर पाण्याची पाळी भावाने किंवा शेजाऱ्याने घ्यावी, बदल्यात रुग्णाने त्यांचं दिवसाचं काम करावं. गुंगीची गोळी घेऊन रात्री विहिरीकडे कुणीच जाऊ नये.

११. गोळ्या सुरू झाल्यापासून आईला एका जागी बसवत नाही, रात्रभर फिरते. आजार वाढला का?

कदाचित आजार नसेल, गोळीचा परिणाम असेल. मनोविकारावरच्या काही औषधांनी, सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही दिवसांत ते आठवड्यांत, पायांत विचित्र अस्वस्थता येते. याला अकॅथिसिया म्हणतात. तिच्या पायांकडे बघा: बसली तरी टाचा हलत राहतात, उभी राहिली की एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत राहते. विचारलं तर "आतून ओढल्यासारखं होतंय" म्हणेल. हे फार त्रासदायक असतं, त्यापायी रुग्ण औषध सोडतात, काहींच्या मनात जीव द्यायचे विचारही येतात. डोस कमी करून किंवा प्रोप्रॅनोलॉलसारखं औषध देऊन ते आटोक्यात येतं. म्हणून पुढच्या महिन्यापर्यंत थांबू नका.

हीच तक्रार फक्त रात्री आडवं झाल्यावर पोटऱ्यांत होत असेल आणि पाय हलवल्यावर बरं वाटत असेल, तर ते वेगळं दुखणं आहे. त्यात रक्तातलं लोह तपासतात.

उलट दिवसभर गुंगी असेल तर गोळीची वेळ रात्री लवकर आणण्याबद्दल विचारा. काही नैराश्यविरोधी गोळ्या झोप उडवतात, त्या सकाळी घेतात. वजन वाढून जोराचं घोरणं सुरू झालं आणि झोपेत श्वास अडकत असेल तर तेही सांगा, कारण अशा माणसाला झोपेची गोळी घातक ठरू शकते.

१२. रात्री जाग येते पण हातपाय हलत नाहीत, छातीवर कुणीतरी बसतं. हे बाहेरचं आहे का?

बाहेरचं नाही. स्वप्नांच्या झोपेत शरीराचे स्नायू सैल पडलेले असतात. मन जागं झालं आणि शरीर अजून त्या झोपेतच राहिलं, की असं होतं. काही सेकंद ते एखाद-दोन मिनिटांत आपोआप सुटतं. दिसणारी सावली हा अर्धवट राहिलेल्या स्वप्नाचा भाग. अपुरी झोप आणि उताणं झोपणं याने ते जास्त होतं. फार वेळा होत असेल, किंवा दिवसा बोलता बोलता झोप लागत असेल, तर तपासून घ्या.

भानामतीच्या नावाखाली कुणी मारहाण, चटके, कोंडून ठेवणं असले उपाय करत असेल, तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे.

१३. भूकंप होऊन इतकी वर्षं झाली, तरी आमच्या मावशी पहाटे दचकून उठतात. याला उपचार आहे का?

आहे. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप पहाटे चारच्या सुमारास आला, लोक गाढ झोपेत असताना. ज्यांच्यावर घर कोसळलं त्यांच्या मनात झोप आणि धोका ही जोडी कायमची बसली. काहीजण दाराजवळच झोपतात, काही त्या वेळेला आपोआप जागे होतात. आघातानंतरच्या या आजारात वाईट स्वप्नं हे मुख्य लक्षण आहे. अपघात, जळीत, घरातल्या माणसाची आत्महत्या पाहिलेल्यांनाही हे होतं. आघातावर काम करणारे मानसोपचार आहेत, आणि वाईट स्वप्नाचा शेवट जागेपणी बदलून रोज मनात उजळणी करायची एक पद्धत आहे. वर्षं उलटली म्हणून उशीर झाला असं नसतं. त्यांना दाराजवळ झोपायचं असेल तर झोपू द्या, त्यावरून हसू नका.

१४. बाळंतीण बाळ झोपलं तरी झोपत नाही. हे चालायचंच ना?

बाळामुळे झोप मोडणं वेगळं. बाळ शांत झोपलंय, आई थकलेली आहे, तरी तिला झोप येत नाही, बोलणं असंबद्ध होतंय, बाळाबद्दल भलत्याच शंका घेतेय, असं पहिल्या दोन आठवड्यांत दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या. बाळंतपणानंतरचा सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटण्याचा आजार, असा सुरू होतो, उपचाराने बरा होतो, पण वाट पाहण्यात आई आणि बाळ दोघांना धोका असतो. तिला किंवा तिच्या रक्ताच्या नात्यात कुणाला बायपोलर असेल तर बाळंतपणाआधीच डॉक्टरांशी बोलून ठेवा. रात्रीचं एखादं पाजणं घरातल्या कुणी सांभाळलं आणि तिला सलग चार-पाच तास मिळाले, तरी मोठा फरक पडतो.

१५. अब्बूंना लिथियम चालू आहे. रोजे ठेवू शकतात का? आणि उन्हाळ्यात काय?

लिथियम हे बायपोलर आजारावरचं औषध. ते शरीरातल्या पाण्या-मिठावर अवलंबून असतं. घाम गेला, पाणी कमी पडलं, जुलाब झाले की रक्तातलं प्रमाण वाढतं आणि विषबाधा होऊ शकते. हात जोरात थरथरणं, उलट्या, झोकांड्या, बोबडं बोलणं, ही लक्षणं दिसली की गोळी थांबवून लगेच दवाखाना. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असतो, तेव्हा रानात काम करणाऱ्या रुग्णाने पाण्याची बाटली सोडू नये. अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन नको, त्यानेही प्रमाण वाढतं. गावातल्या डॉक्टरांना सुई घेण्याआधी हे सांगा. पॅरासिटामॉल चालतं.

रमजानच्या काही आठवडे आधी डॉक्टरांना भेटा. कधी डोस इफ्तारनंतर एकदाच देता येतो आणि मध्ये रक्ततपासणी करतात. सहरीसाठी झोप मोडते, तीही बायपोलरमध्ये नडते. आजारी माणसाला रोजा पुढे ढकलण्याची मुभा धर्मात आहे, यावर मौलानांशीही बोलून घ्या.

१६. कुठे जायचं? आणि लगेच जायची वेळ कोणती?

राज्याची जुनी मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत, त्यामुळे इथे सोय नाही असं अनेकांना वाटतं. झोपेच्या तक्रारीला तिथे जायची गरज नसते. जिल्हा रुग्णालय, संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर आणि नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, कुठेही मानसोपचार विभागात दाखवा. जाताना दोन आठवड्यांची नोंद न्या: कधी पडलो, अंदाजे कधी लागली, किती वेळा उठलो, शेवटची जाग कधी, दुपारी किती, चहा-तंबाखू-दारू, कोणती गोळी. वहीचं एक पान पुरतं. टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत आणि मराठीत बोलतो.

झोप नाही आणि "आता नको झालंय" अशी भाषा सुरू झाली, तर ते गंभीर समजा. रात्रीचे एकटे जागे तास सगळ्यात धोक्याचे. सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्याने विचार डोक्यात भरत नाही. फवारणीचं औषध घरातून हलवा, कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे. रुग्णाला एकटं सोडू नका. पोलिसांच्या भीतीने लपवू नका: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच सामान्यतः गृहीत धरलं जातं आणि तिच्यावर उपचार करणं सरकारचं कर्तव्य आहे.

वयस्कर माणूस एक-दोन दिवसांत अचानक गोंधळला, दिवसा झोप आणि रात्री बडबड, तर ते वेड नव्हे. लघवीचा संसर्ग, सोडियम कमी होणं असं काही असतं. त्याला आधी फिजिशियनकडे न्या.

१७. आम्ही ऊसतोडीला जातो. दिवाळीनंतर चार-पाच महिने घरी नसतो. माझ्या मालकाला गोळ्या चालू आहेत, तिकडे झोप बिघडली तर?

फडात पहाटे तीन-चारला उठावं लागतं आणि गाडी रात्री भरायची असेल तर झोप दोन तुकड्यांत होते. त्यात गोळ्या संपल्या की आजार उलटतो. दरवर्षी फेब्रुवारीत असे रुग्ण येतात.

निघण्याआधी दोघं मिळून डॉक्टरांना भेटा आणि किती महिने बाहेर आहात ते स्पष्ट सांगा. मिळतील तेवढ्या दिवसांची औषधं घ्या. पूर्ण हंगामाची मिळाली नाहीत तर चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, म्हणजे कारखान्याजवळच्या जिल्हा रुग्णालयात तीच औषधं मागता येतील. महिन्याची सुई देता येईल का, हेही विचारा. स्किझोफ्रेनियाच्या काही रुग्णांना ती चालते. गोळ्या कोपीत पत्र्याच्या डब्यात ठेवा, उन्हात आणि लेकरांच्या हाती नको.

रात्री गाडी भरायची पाळी त्यांच्यावर येऊ नये यासाठी मुकादमाशी आधीच बोला. आजार सांगायचा की नुसतं "रात्री जागरण झेपत नाही" म्हणायचं, हे तुम्ही ठरवा. टोळीतल्या एका भरवशाच्या माणसाला मात्र सगळं सांगून ठेवा: गोळी कोणती, कधी, आणि दोन रात्री झोपले नाहीत तर कुणाला फोन करायचा.